एलसॅट देऊन आलात? आज काहीही रद्द करू नका

परीक्षेचा दिवस संपतो आणि डोक्यात एकच सेक्शन घोळत राहतो: तो भयंकर गेलेला. पण अमेरिकेतल्या लॉ स्कूलसाठीच्या एलसॅटमध्ये 35-35 मिनिटांच्या 4 सेक्शनपैकी एकाचे गुण धरलेच जात नाहीत, आणि तो कोणता हे परीक्षा देताना कळत नाही. ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्स, म्हणजे तर्काच्या कोड्यांचा सेक्शन, गेला. गुण मिळतात ते लॉजिकल रीझनिंगच्या 2 आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनच्या एका सेक्शनचे. म्हणजे रीझनिंगचे 3 सेक्शन आले असतील, तर घाम फोडणारा कदाचित बिनगुणांचाच असेल.

स्कोअर न बघता रद्द करायला परीक्षेनंतर 6 दिवस असतात. स्कोअर प्रिव्ह्यू, म्हणजे आधी स्कोअर बघून मग रद्द करायचा की नाही ते ठरवण्याची पैसे भरून मिळणारी सोय, घेतला असेल, तर आकडा बघून पुन्हा 6 दिवस. तो परीक्षेआधीच घ्या, नंतर महाग पडतो. आणि त्या मुदतीत काहीच केलं नाही, तर स्कोअर आपोआप कॉलेजांकडे जातो. इथेच बरेच जण गाफील राहतात.

रद्द केलेला स्कोअर परत मिळत नाही, फी परत येत नाही, आणि तो प्रयत्न आयुष्यभराच्या 7 प्रयत्नांत मोजला जातो. रिपोर्टवर ‘रद्द’ अशी नोंद दिसते, आकडा दिसत नाही. एखाद्या नोंदीने फारसं बिघडत नाही, तीन-चार झाल्या की प्रश्न पडतात.

आधी 165 असेल आणि आता 163 आला, तर खुशाल राहू द्या. बहुतेक कॉलेजं सर्वांत जास्त स्कोअरच धरतात. 152 आला असेल तर मात्र रद्द करण्यात अर्थ आहे.