होर्हे बोशेल, माकडताप आणि आमच्या काजूच्या बागा

२०१६ ला आमच्या दोडामार्गात (सिंधुदुर्ग) माकडताप, म्हणजे गोचिडीतून पसरणारा क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आला तेव्हा जो तो हेच विचारत होता की हे आलं कुठून? आदल्याच वर्षी गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात आला होता, आणि दोन्हीकडे काजूच्या बागेत राबणारी माणसं तापाने आडवी पडली. तेव्हापासून या रोगावर मिळेल ते वाचत गेलो आणि ज्या माणसाच्या कामात पार अडकलो तो निघाला कोलंबियाचा, दक्षिण अमेरिकेतला. होर्हे बोशेल मानरीके.

याने उमेदीची वर्षं यलो फीव्हरवर (पीतज्वर, डासातून पसरणारा जीवघेणा ताप) घालवली. शहरातला यलो फीव्हर एडिस डासामुळे पसरतो हे तेव्हा माहीत होतं, पण कोलंबियाच्या जंगलात जिथे तो डास नाहीच तिथेही लाकूडतोडे मरत होते. सांगतात की बोशेल जंगलात उभा राहून झाड तोडताना बघत होता, झाड कोसळलं आणि वरच्या फांद्यांतले निळसर चमकणारे डास थेट माणसांभोवती घोंगावायला लागले. हे हिमॅगोगस डास एरवी वर शेंड्याला, माकडांच्या बरोबरीने राहणारे. म्हणजे आजार वर माकडांत फिरतच होता, माणसाने झाड पाडून तो स्वतःच खाली आणला! मला यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं तर तो नुसता पेशंट मोजत बसला नाही, माणूस जंगलात नेमकं काय करतो ते त्याने बघितलं.

इकडे १९५७ ला शिमोगा जिल्ह्यात वानरं मरून पडायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्यात तेव्हा व्हायरस रिसर्च सेंटर होतं, म्हणजे आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), १९५२ ला रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झालेली. पहिली धास्ती यलो फीव्हरचीच, कारण त्यातही माकडं मरतात. तो आशियात कधी आलाच नव्हता, पण आला तर पसरवायला एडिस डास आपल्याकडे जागोजागी. पण व्हायरस निघाला गोचिडीतून पसरणारा, म्हणजे हाच माकडताप, रशियातल्या एका व्हायरसचा जवळचा नातलग. मग संशय सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांवर गेला, सलीम अलींच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) १९५९ ला पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं मोठं काम सुरू केलं त्यामागे हेही एक कारण होतं.

पुढे बोशेल पुण्याच्या या सेंटरच्या कामात आला आणि त्याने लक्ष जमिनीवर ठेवलं. पी. के. राजगोपालन (हेच पुढे पाँडिचेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरचे डायरेक्टर झाले) यांच्यासोबत उंदीर, चिचुंद्र्या, माकडं, गोचिडी असं एकेक तपासत गेला. १९६९ च्या पेपरमध्ये त्याने जे मांडलं ते मला आजही आमच्या गावाचंच वर्णन वाटतं: व्हायरस बहुतेक आधीपासून जंगलात गुपचूप होता, माणसाने जंगल तोडून शेती वाढवली, गुरं चरायला आत सोडली, मोठ्या गोचिडींना गुरांचं रक्त मिळालं आणि त्यांची पैदास वाढली. गुरं स्वतः व्हायरस फारसा पसरवत नाहीत, ती फक्त गोचिडी पोसतात. माणसाला चावतात ती गोचिडीची मधल्या वयाची बारीक पिल्लं, ती साधारण डिसेंबर-जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत जास्त असतात, आणि आमचा काजूचा सीझन नेमका त्यातच, फेब्रुवारी ते मे, दिवसभर वाकून पातेऱ्यात (पडलेल्या सुक्या पानांत) बिया गोळा करायच्या.

कोलंबियात पाडलेलं झाड, शिमोग्यात चरणारी गुरं. दोन खंड, दोन रोग, एकात डास आणि एकात गोचीड, आणि हा माणूस दोन्हीकडे एकाच प्रश्नामागे लागलेला, जंगलाच्या कडेला आपण काय बदललं? एवढी वर्षं एकच प्रश्न सोडायचा नाही याला जी चिकाटी लागते तिचं मला मनापासून कौतुक आहे, आणि असं काम करणाऱ्यांना आपल्याकडे कोणी ओळखतही नाही याचं वाईटही वाटतं.

गावच्या लोकांसाठी त्यातून निघणारी गोष्ट एकदम व्यवहारातली आहे. वानर मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात, तो भाग तेव्हा सगळ्यात धोक्याचा. म्हणून मेलेलं वानर दिसलं तर हात लावू नका, गुरं तिकडे सोडू नका, लगेच आरोग्य केंद्रात किंवा फॉरेस्टवाल्यांना कळवा. बागेत जाताना अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे धुवायला टाका. आणि सीझनमध्ये ताप आला तर डॉक्टरला आधी हे सांगा की मी काजूच्या बागेत काम करतो, कारण तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरच्या डोक्यात डेंगी आणि लेप्टोच (लेप्टोस्पायरोसिस) येणार.