फायरिंग चाललंय, पुढे वाचा

शाळेच्या स्मरणिका समितीच्या बाईंचा फोन आला, "आठशे शब्दांत मनोगत दे आणि एक जुना फोटोही." फोटो कपाटात लगेच सापडला. मनोगताला मात्र तीन रविवार गेले. कारण त्या फोटोच्या आधी माझी एक फजिती झाली होती आणि ती गाळून काही लिहिताच येईना.

नाशिकरोडला शिकलेल्यांना देवळालीच्या रेंजचा, म्हणजे तोफांच्या सरावाच्या मैदानाचा, आवाज वेगळा सांगायला नको. लांबवर कुठेतरी धप्प व्हायचं, वर्गाच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि मराठीचे सर पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचे, "फायरिंग चाललंय, पुढे वाचा." नवीन आलेली मुलं दचकायची, आम्ही नाही. तोफखान्याचं केंद्र आमच्याच नाशिकरोडला, तोफखान्याचं प्रशिक्षण देवळालीला, हे भूगोलाच्या वहीत लिहिलेलं होतं. पण त्या धप्पमागे माणसं असतात, हे नववीपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

त्या वर्षी, म्हणजे २०११ च्या १६ डिसेंबरला, १९७१ च्या विजयाला चाळीस वर्षं होत होती. एनसीसीच्या सरांनी ठरवलं की या वेळी परिपाठात नुसती माहिती वाचून मोकळं व्हायचं नाही, माजी सैनिकांना शाळेत बोलवायचं. आपल्या भागात त्यांना काय तोटा? भगूर, लहवित, विहितगाव, कुठेही गेलं तरी गल्लीत एक तरी निवृत्त फौजी निघतोच. निमंत्रणं पोहोचवायला आम्हा मुलांचे गट केले. आमच्या गटात दोन मुली आणि एक मुलगा, तिघं सायकलवर.

भगूरच्या अलीकडे एका मळ्यात आम्ही पोहोचलो तेव्हा आजी ओट्यावर लसूण सोलत होत्या. आम्ही आल्याचं कारण ऐकून म्हणाल्या, "पोरींनो, तुम्ही बोलू नका. त्या पोराला बोलू द्या." आम्हाला रागच आला. नंतर उलगडा झाला. आजोबा तोफखान्यातले. वर्षानुवर्षं तोफेजवळ उभं राहून कान गेलेले, आणि अशा कानांचं असं होतं की बारीक, चढे आवाज आधी हरवतात; जाड आवाज त्या मानाने ऐकू येतो. "आमच्या वेळी कापसाचा बोळा कोंबायचा, झालं," आजोबा म्हणाले. "आता बायकापोरांचं काही ऐकू येत नाही. म्हणून तर संसार टिकला." त्यावर आजी आमच्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकू येत नाही म्हणून मीही वाटेल ते बोलून घेते."

देवघराशेजारी भिंतीवर तोफेचा फोटो होता, हळदकुंकू लावलेला. आमच्यातल्या मुलाने विचारलं, पलटणीचं निशाण कुठाय? आजोबा म्हणाले, निशाण पायदळाला. तोफखान्याचं निशाण म्हणजे तोफच. ती टाकून मागे यायचं नाही.

दुसरे आजोबा निफाड तालुक्यातले, मुलाकडे विहितगावला राहायला आलेले. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. त्यांनी निमंत्रण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "येईन. पण भाषण करणार नाही."

कार्यक्रम झाला तो आपल्याकडे होतात तसाच. शाल, श्रीफळ, स्वागतगीत. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं बोलले; त्यात शिस्त होती, संस्कार होते, कांद्याचा भावही होता. पाच सैनिकांना मिळून वीस मिनिटं उरली. तोफवाल्या आजोबांचं नाव तीनदा पुकारावं लागलं, शेवटी शेजारच्यांनी कोपर मारून उठवलं. ते म्हणाले, मी एकाहत्तरलाही होतो, पण मला विचाराल तर मी पासष्टचं युद्धच सांगणार. पंजाबच्या सीमेवरचं खेमकरण. मग प्रश्नांची वेळ आली आणि पहिला हात माझा.

"आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?"

त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. सरांनी जाड आवाजात, शब्द तोडत, माझा प्रश्न माइकवरून पुन्हा विचारला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो कसा वाटला ते मला अजून आठवतं. मुलं हसली. आजोबा हसले नाहीत.

"माहीत नाही, पोरी," ते म्हणाले. "आम्ही शत्रू बघितलाच नाही." मग त्यांनी हात पसरून मंचावर तोफ उभी केली. पंचवीस पाउंडर. सहा जण एका तोफेवर, प्रत्येकाचं काम ठरलेलं. गोळा अकरा किलोंच्या वर आणि जाऊन पडणार बारा किलोमीटरपर्यंत. तो कुठे पडतो हे बघायला अधिकारी पुढे असतो, मागे तोफेवर नुसते आकडे येतात. दिशा, उंची, किती गोळे. "आम्ही आकड्यांशी लढलो," ते म्हणाले. सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळचं असल उत्तर. अब्दुल हमीद आम्हाला धड्यातून माहीत होते, शेतात पाणी सोडल्यामुळे रुतलेले पॅटन रणगाडेही. आजोबांनी ते सगळं तीन वाक्यांत संपवलं. मग म्हणाले, "थांबल्यावर पुढे गेलो. रणगाडे उसात उभे. ऊस आडवा झालेला, जळालेला. मी शेतकऱ्याचा पोर. मला आधी ऊस दिसला. माणसं नंतर दिसली."

आणि खाली बसले. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला पुढचं वाक्य सापडेना.

खरी गंमत नंतर, शिक्षकांच्या खोलीत, पोह्यांच्या वेळी आली. भाषण करणार नाही म्हणणारे जंगी पलटणीचे आजोबा आम्हा चौघा-पाचांना एकाहत्तरचं जमालपूर सांगू लागले, आताच्या बांगलादेशातलं. नावेतून ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण शत्रूच्या पाठीमागच्या रस्त्यावर जाऊन बसली, ती थंडी. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी ९ डिसेंबरला पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. उत्तर आलं त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली, आणि मजकूर असा की पुढच्या भेटीत तुमच्या हाती लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी. "आम्हाला हे नंतर कळलं हो. आम्ही खंदकात." चिठ्ठी सांगताना डोळे चमकत होते. मग १० तारखेच्या रात्रीवर आले. वेढ्यातून निसटायला निघालेले शत्रूसैनिक यांच्याच मोर्चांवर येऊन आदळले होते. "रात्री ते आले..." एवढं म्हणून त्यांनी बशीतला चमचा फिरवला. आम्ही वाट बघत राहिलो.

"पोहे कोणी केलेत?" ते म्हणाले. "झकास झालेत."

पुढचं मी खूप वर्षांनी पुस्तकातून वाचलं. वाचताना तो चमचा दिसत राहिला.

निघताना फोटो. पाच सैनिक खुर्च्यांवर, शाली पांघरून, मागे आम्ही. फोटोग्राफर म्हणतोय, इकडे बघा, इकडे बघा. तेवढ्यात रेंजवर धप्प झालं. तावदानं थरथरली. आमच्यातलं कुणी हललंसुद्धा नाही. फक्त तीन हाका न ऐकलेल्या आजोबांनी झटकन मान वळवली, खिडकीकडे बघितलं आणि खूश होऊन शेजारच्याला म्हणाले, "बोफोर्स!"

तोच फोटो सोबत पाठवते आहे. उजवीकडून दुसरे.