मधली अकरा वर्षे

गेल्या तीन आठवड्यांत मी लंडनमधल्या एकाच दुकानात चार वेळा गेलो आणि चारही वेळा तीच एक बेस गिटार मांडीवर घेऊन बसलो. फेंडर कंपनीची 1966 सालची म्हणून ठेवलेली ही प्रिसिजन बेस सनबर्स्ट, म्हणजे मध्ये पिवळट आणि कडांकडे गडद होत जाणाऱ्या रंगाची आहे. उजवा हात जिथे टेकतो तिथला लॅकर झिजून खालचे लाकूड उघडे पडले आहे आणि तारा जिथे टेकतात त्या ब्रिजवरचे क्रोमचे झाकण, अशा बहुतेक जुन्या गिटारींप्रमाणे, कधीच हरवले आहे. त्याच्या स्क्रूंची भोके तेवढी उरली आहेत. दुकानदाराने सांगितलेली किंमत 18,500 पौंड आहे. त्याच भिंतीवर हातभर अंतरावर, त्याच वर्षाची आणि माझ्या कानाला जवळजवळ तशीच वाजणारी दुसरी प्रिसिजन 7,200 पौंडांना टांगलेली आहे. फरक एवढाच की पहिली गिटार एका नामवंत ब्रिटिश वादकाने 1967 मध्ये घेतली आणि 1976 पर्यंत मंचावर वाजवली, असे दुकानदाराचे म्हणणे आहे.

त्या वादकाचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. दावा खोटा ठरला तर त्याच्या नावाला ही गिटार उगाच चिकटून राहील, आणि खरा ठरला तर व्यवहार व्हायच्या आधी गाजावाजा करणे मला परवडणारे नाही.

पुण्यात कॉलेजमध्ये असताना फिरोदिया करंडकाच्या तालमींसाठी कुणाची तरी उसनी बेस गिटार हातात आली, तेव्हापासून हे वाद्य माझ्या मागे लागले आहे. लिओ फेंडरने 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलरटन येथे प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा त्याच्यासमोर माणसाएवढा डबल बेस पाठीवर वाहून नेणारे आणि तरीही ढोलताशांच्या गदारोळात ऐकू न येणारे वादक होते. गळ्यात अडकवता येईल असे वाद्य त्यांना मिळाले आणि पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागू लागला. नावातले ‘प्रिसिजन’ ते हेच. म्हणजे मुळात हे कामकरी माणसाचे हत्यार आहे. त्याला काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी वस्तू मानायला माझे मन अजूनही सहज तयार होत नाही.

घरी आकडे सांगितले तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला: “सात हजार लाकडाचे आणि तारांचे समजले, पण वरचे अकरा हजार कशाचे?” मी तिला बिल वायमनचे उदाहरण दिले. रोलिंग स्टोन्सच्या या माजी बेसवादकाने 2020 मध्ये आपला संग्रह अमेरिकेत लिलावाला काढला, तेव्हा त्याची 1969 सालची नारिंगी फेंडर मस्टँग बेस 3,84,000 डॉलरांना गेली. मस्टँग हे खरे तर शिकाऊ मुलांसाठी काढलेले आखूड लांबीचे आणि स्वस्त मॉडेल. त्या किमतीत लाकडाचा वाटा जवळजवळ नव्हताच. मात्र हे उदाहरण माझ्याच विरुद्ध जाते, हे मला बोलता बोलता लक्षात आले. वायमनची गिटार स्वतः वायमन विकत होता. तिच्या मालकीच्या साखळीला एकच कडी होती. माझ्यासमोरच्या गिटारीच्या साखळीत मात्र 1976 ते 1987 अशी अकरा वर्षे कुठेच नाहीत.

दुकानदाराकडे एक जाड फाइल आहे आणि ती तो मोठ्या आदराने उघडतो. तिच्यात 1987 साली ही गिटार जाहिरात पाहून विकत घेणाऱ्या गृहस्थांची पावती आहे. त्या वादकाच्या दौऱ्यांत सामान हलवणाऱ्या एका माणसाने 2004 मध्ये लिहून दिलेले सहीचे पत्र आहे, ज्यात ही तीच गिटार असल्याचे त्याने ठामपणे म्हटले आहे. मंचावरची दोन कृष्णधवल छायाचित्रे आहेत. त्यांतल्या एकाच्या मागे पेन्सिलने जून 1967 असे लिहिले आहे. शिवाय बँडचे नाव रंगवलेली काळी पेटी आहे. पेटीचे मला काहीच वाटले नाही, कारण पेट्या बदलत राहतात. माझ्या स्वतःच्या गिटारीच्या पेटीवर तिच्या आधीच्या मालकाचे आडनाव अजून आहे. पत्राबद्दल मात्र वाईट वाटले. लिहिणारा माणूस प्रामाणिक असेल, पण अठ्ठावीस वर्षांनी एका सनबर्स्ट प्रिसिजनला दुसरीपासून ओळखणे ही स्मरणशक्तीकडून केलेली अवाजवी अपेक्षा आहे.

आपल्याकडे गुरूचा तंबोरा शिष्याकडे जातो तेव्हा कागद होत नाही आणि कुणी मागतही नाही, कारण तो कोणाच्या घरातून कोणाच्या घरात गेला हे पाहणारी माणसे भोवती असतात. मिरजेला जवारी काढायला नेला तर कारागीरही भोपळ्यावरून तो ओळखतो. इथे तशी माणसे नाहीत, म्हणून फाइल जाड आहे.

छायाचित्रांवर मी एक संपूर्ण रविवार घालवला. या काळातल्या सनबर्स्ट गिटारींचा पिकगार्ड, म्हणजे तारांखाली बसवलेला संरक्षक पत्रा, कासवाच्या पाठीसारख्या लालसर तपकिरी नक्षीच्या सेल्युलॉइडचा असतो, आणि ती नक्षी प्रत्येक तुकड्यावर वेगळी उतरते, त्यामुळे चांगला फोटो असेल तर ती अंगठ्याच्या ठशासारखी जुळवून पाहता येते. पहिल्या फोटोत प्रकाश थेट पिकगार्डवर पडल्याने तिथे नुसता पांढरा डाग आहे. दुसऱ्यात, आवाजाच्या बटणाच्या वरच्या बाजूला, एक गडद पट्टा दोन ठिकाणी फुटलेला दिसतो, आणि दुकानातल्या गिटारीवर त्याच जागी तसाच फुटलेला पट्टा आहे. हे पाहून माझे हात थरथरले, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की नक्षी जुळली तरी त्यातून पिकगार्ड त्या वादकाचा होता एवढेच सिद्ध होते. तेरा स्क्रू काढले की पिकगार्ड एका गिटारीवरून दुसरीवर जातो.

हीच अडचण गिटारीच्या जवळजवळ प्रत्येक भागाला लागू आहे, कारण फेंडरच्या गिटारी मुळातच सुटे भाग जोडून बनवलेल्या असतात. क्रमांक असतो तो नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांड्याच्या, सांध्यामागच्या धातूच्या पट्टीवर. ही पट्टी चार स्क्रूंनी बसते आणि तिच्यावरचे क्रमांक कारखान्यातून काटेकोर कालक्रमाने बाहेर पडलेलेही नाहीत. ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या जॉन एन्ट्विसलने तर पाच मोडक्या बेसचे भाग जोडून आपली प्रसिद्ध ‘फ्रँकेन्स्टाइन’ तयार केली होती आणि तिचे मोल त्या जोडाजोडीमुळेच वाढले. तो न्याय मला मिळणार नाही. माझ्या बाबतीत तारांचे कंपन टिपणारा एक पिकअप जरी नंतरचा निघाला तरी किंमत उतरते.

एक कागद मात्र निर्णायक ठरू शकतो, आणि तो मी मागितला आहे. ब्रिटनमधून युरोपच्या दौऱ्यावर जाणारे बँड आपले सामान तात्पुरते परदेशी नेण्यासाठी कार्नेट नावाचे सीमाशुल्काचे कागद करत असत, आणि त्यांत प्रत्येक वाद्याची क्रमांकासह नोंद असे. ही नोंद कौतुकाने केलेली नसते. सामान परत आले नाही तर पैसे भरावे लागतात म्हणून कारकून ती करतो. म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास आहे. बँडच्या जुन्या व्यवस्थापनाकडे विचारणा केली आहे असे दुकानदार म्हणतो, पण त्याच्या आवाजात फारसा उत्साह जाणवत नाही.

मधल्या अकरा वर्षांनी मी इतका अस्वस्थ का होतो, हे बेसच्या इतिहासाशी परिचय नसलेल्या वाचकाला सांगायला हवे. या वाद्याच्या सर्वांत मोठ्या वादकांच्या गिटारी चोरीला गेलेल्या आहेत. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला सुमारे 30 पौंडांना घेतलेली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर कंपनीची बेस 1972 मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका गाडीतून चोरीला गेली, एका पबमालकाकडे पोहोचली आणि अर्ध्या शतकानंतर ससेक्समधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांचा कणा असलेल्या जेम्स जेमरसनची 1962 सालची प्रिसिजन 1983 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी गेली. अमेरिकन जॅझवादक जॅको पास्टोरियसने आपल्या 1962 च्या जॅझ बेसचे (हे फेंडरचेच दुसरे मॉडेल) पडदे उपटून, खाचा भरून, वर बोटींना लावतात तसे इपॉक्सी चढवले होते. ती 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत बाकावरून नाहीशी झाली. वीसहून अधिक वर्षांनी ती एका दुकानात उगवली तेव्हा मालकी कोणाची यावर वाद झाला, आणि मेटॅलिका बँडचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियो याने मध्यस्थी करून पैसे मोजले तेव्हा कुठे 2010 मध्ये तो मिटला.

चोरीची वस्तू चांगल्या हेतूने विकत घेतली म्हणून घेणारा आपोआप तिचा मालक होत नाही. त्यामुळे ‘ही गिटार त्याची होती’ या वाक्याचा पुढचा भाग, म्हणजे ‘ती त्याच्याकडून कशी गेली’, हाच माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्याने विकली असेल, मित्राला दिली असेल, कुणाच्या देण्यापोटी गेली असेल. यांपैकी काहीही मला चालेल. दुकानदार मात्र पहिल्या भागावर पंधरा मिनिटे बोलतो आणि दुसऱ्या भागावर, “सत्तरचे दशक कसे होते तुम्हाला ठाऊकच आहे,” एवढेच म्हणतो. मला ते ठाऊक नाही. मी तेव्हा सदाशिव पेठेत पाळण्यात होतो.

तिसऱ्या भेटीत त्याने माझ्यासमोर पिकगार्ड काढला. आत डाख जुने आणि निस्तेज, वायरवरचे कापडी वेष्टण जागेवर, आणि आवाजाच्या पॉटवर, म्हणजे बटणाखालच्या नियंत्रकावर, कोरलेला क्रमांक 304-6615. यातला 304 म्हणजे स्टॅकपोल कंपनी आणि पुढचे आकडे म्हणजे 1966 सालचा पंधरावा आठवडा. दुकानदाराने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. पण 1966 मध्ये, सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतल्याला जेमतेम वर्ष झाले असताना, फेंडरने पॉटचा एवढा मोठा साठा घेऊन ठेवला होता की तो 1969 च्या सुमारापर्यंत गिटारींत बसवला जात होता. म्हणजे हा आकडा गिटार 1966 च्या आधीची नाही एवढेच सांगतो. ती 1968 ची नाही, असे मुळीच सांगत नाही. आणि ती 1968 ची असेल, तर जून 1967 च्या फोटोत ती असू शकत नाही. नेक उघडून त्याच्या बुंध्यावरचा महिना आणि वर्षाचा शिक्का पाहणे हाच त्यावर उपाय आहे. “इतकी वर्षे न हललेला सांधा कशाला उघडायचा,” असे तो म्हणाला. अठरा हजार पौंडांचा सांधा असेल तर उघडायचा, असे मला वाटते.

आणखी एक प्रश्न माझ्यापुरताच आहे. चार-पाच वर्षांत पुण्याला परतायचा आमचा विचार आहे, आणि या गिटारीचा फिंगरबोर्ड, म्हणजे पडदे बसवलेली पट्टी, रोझवूडचा आहे. फेंडरने साठच्या दशकाच्या मध्यावर ब्राझिलियन रोझवूड सोडून भारतीय रोझवूड, म्हणजे सह्याद्रीतही वाढणारे आपले शिसव, वापरायला सुरुवात केली. ही गिटार नेमकी त्या सांध्यावरची आहे. फिंगरबोर्ड शिसवाचा असेल तर तयार वाद्य म्हणून ती संकटग्रस्त जीवजातींच्या व्यापारावरच्या साइट्स करारात 2019 पासून मिळालेल्या सवलतीत बसते. ब्राझिलियन असेल तर त्याच कराराच्या पहिल्या परिशिष्टात 1992 पासून असलेले ते लाकूड आहे. मग सीमा ओलांडताना परवाना लागेल, आणि ब्रिटनमधल्या या विक्रीसाठीही दुकानदाराकडे वेगळे प्रमाणपत्र हवे. संग्राहकांना ब्राझिलियनची हाव असते. मी मात्र बहुधा पहिलाच गिऱ्हाईक असेन, जो फिंगरबोर्ड शिसवाचा निघावा म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करतो आहे.

गिटार वाजते कशी, हे इतक्या उशिरा लिहितो आहे यावरूनच माझी काय अवस्था झाली आहे ते कळावे. ती उत्तम वाजते. चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या जुन्या फ्लॅटवाउंड तारा तिच्यावर आहेत आणि त्याही मूळ वादकाच्याच असल्याचे दुकानदार सांगतो. जेमरसन तुटेपर्यंत तारा बदलत नसे, त्यामुळे हे अगदीच अशक्य नाही. पण इतके सगळे मूळचेच असावे, याची मला थोडी भीती वाटू लागली आहे. खालच्या तारेवरचा ‘जी’ दाबला की आवाज आधी छातीत येतो आणि मग कानात. शेजारच्या 7,200 च्या गिटारीतही तो येतो. डोळे मिटून दोन्ही वाजवल्या तर मला दहापैकी सहा वेळा फरक सांगता आला, आणि त्यातही नेकच्या मागची झीज हाताला लागत होती म्हणून.

हिशेब करता करता एक गोष्ट ध्यानात आली आणि ती फारशी सुखाची नाही. कार्नेट सापडले आणि क्रमांक जुळला, तर ही गिटार या दुकानात राहणारच नाही. ती लिलावात जाईल आणि माझ्यासारख्याने तिची छापील यादी चाळायची. तिच्याबद्दल शंका आहे म्हणूनच ती माझ्या मांडीपर्यंत आली आहे. म्हणून मी त्या अकरा हजारांवर घासाघीस करणे सोडले आणि कालच 8,500 चा आकडा लेखी कळवला: 7,200 गिटारीचे, आणि उरलेले 1,300 त्या फुटलेल्या पट्ट्याचे, जो फोटोत आणि पिकगार्डवर एकाच जागी आहे. अट एकच, की नेक माझ्यासमोर उघडायचा आणि शिक्का 1967 नंतरचा निघाला तर पट्ट्याचे 1,300 वजा करायचे.

आज दुपारी उत्तर आले. आकड्याबद्दल त्यात चकार शब्द नाही, पण गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला, दुकान बंद झाल्यावर, नेक उघडायला तो तयार आहे. तारा कापायच्या नाहीत, फक्त सैल करायच्या, अशी त्याचीही एक अट आहे, आणि ती मी मान्य केली आहे.