संडे स्कूलचा वर्ग घ्यायला ‘हो’ म्हणण्याआधी आणि नंतर

चर्चमध्ये रविवारी मुलांना बायबल शिकवायचे वर्ग भरतात, ते संडे स्कूल. चर्चच्या पाळकसाहेबांनी ‘संडे स्कूलचा एक वर्ग घ्याल का?’ असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर तयार असतं. पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, तेवढं ज्ञान नाही, मुलं आपलं ऐकत नाहीत, आठवड्यातून रविवार एकच मिळतो. मीही हीच कारणं दिली होती आणि ती खरी होती. ज्यांचं वाचन जास्त, त्यांना बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्यायही आठवतो: पुष्कळ जणांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार. या वचनाचा धाक मला आजही वाटतो. पण त्या अध्यायात पुढे लगेच विषय येतो तो जिभेचा. बोलताना जपा, हे याकोबाचं सांगणं. जपून बोलणारा माणूस तर वर्गावर हवाच.

माझा संकोच सुटायला लागला तो काम मोजून घेतल्यावर. ‘जरा मुलांचं बघा’ एवढ्यावर कुणी हो म्हणू नये. वयोगट कोणता, किती महिने, महिन्यातले किती रविवार, जोडीला कोण आणि पाठ कुठून घ्यायचा, एवढं आधी विचारून घ्यावं. आपल्याकडे संडे स्कूलचं वर्ष जून ते मार्च असं धरतात, म्हणून शब्द एका वर्षाचाच द्यावा. मुदत ठरलेली असली की माणूस मन लावून काम करतो; ‘आता हे कायमचं गळ्यात पडलं’ असं वाटलं, की दिवाळीनंतर गैरहजेरी सुरू होते.

वयोगटाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. नवा शिक्षक आला की त्याला तीन ते पाच वर्षांची मुलं देतात, ‘लहानांना काय, कुणीही सांभाळेल’ म्हणून. खरं तर हा वर्ग सर्वांत अवघड. चार-पाच मिनिटांच्या वर ती एका जागी टिकत नाहीत, एक रडलं की तिघं रडतात, आणि गोष्ट, कृती, गाणं सारखं बदलत राहावं लागतं. बारा ते पंधराच्या मुलांना प्रश्न पडलेले असतात, तिथे अनुभव लागतो. नव्या माणसाने सात ते दहा वर्षांची मुलं मागून घ्यावीत. त्यांना लिहिता येतं, गोष्ट आवडते आणि शिक्षकाला पारखून बघायची हौस अजून आलेली नसते.

रविवार जाण्याचं दुःख मात्र खोटं नाही. बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेत पाळकांचा संदेश सुरू व्हायच्या आधी मुलांना वर्गात नेतात. म्हणजे शिक्षकाला संदेश मिळत नाही, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी तर चुटपुट लागते. याला उपाय पाळीचा. एका वर्गाला चार शिक्षक असतील तर दोघांनी पहिला आणि तिसरा रविवार घ्यावा, दोघांनी दुसरा आणि चौथा. प्रभुभोजनाच्या दिवशी मुलांना संदेशानंतर लगेच आत आणून आईवडिलांजवळ बसवावं, म्हणजे शिक्षकांनाही भाग घेता येतो. चार माणसं मिळत नसतील तर उपासनेच्या आधी पाऊण तास वर्ग भरवावा. सकाळी लवकर यावं लागतं, पण उपासना पूर्ण मिळते. देणारा स्वतः उपाशी राहिला तर वर्षभर टिकत नाही, हे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनाही सांगायला हवं.

सुरुवात कधी करावी? मे महिन्यातल्या व्हीबीएसमध्ये, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शिबिरात, मदतनीस म्हणून जाणं सर्वांत सोपं. पाठ, गाणी, कृती सगळं तयार मिळतं, शिक्षक भरपूर असतात आणि आपल्याला मुलांशी बोलता येतं का, ते चार-पाच दिवसांत कळतं. फक्त तिथला उत्साह बघून जूनच्या वर्गाचा अंदाज बांधू नये. पावसाळी रविवारी वर्गात सहाच मुलं असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नव्याने सुरू करणं टाळावं. तेव्हा सगळं लक्ष नाताळच्या नाटिकेकडे असतं आणि नवा माणूस मेंढपाळांचे फेटे बांधण्यातच अडकतो.

जूनमध्ये एकदम वर्ग अंगावर घेऊ नये. मला पायरीपायरीने आत आणलं गेलं आणि त्याचा फार उपयोग झाला. आधी मागे बसून बघायचं, मुलांची नावं पाठ करायची. मग हजेरी आणि अर्पणाचे पैसे सांभाळायचे. हे काम हलकं वाटतं, पण त्यातून कोण कुणाचं भावंड, कोण दोन रविवार आलं नाही, हे कळतं. नंतर गाणं आणि पाठांतर. गोष्ट सगळ्यात शेवटी, आणि पहिल्यांदा गोष्ट सांगताना जुन्या शिक्षकाने वर्गातच बसावं. जून-जुलै यात गेले तरी चालेल. ज्यांना पहिल्याच रविवारी पुस्तक हातात देऊन खोलीत सोडतात, ती माणसं परत येत नाहीत, आणि त्यात दोष त्यांचा नसतो.

तयारीचं उदाहरण म्हणून जक्कयाची गोष्ट घेते, बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १९, पहिली दहा वचनं. येशूला बघायला झाडावर चढलेल्या श्रीमंत जकातदाराला येशू खाली बोलावतो, त्याच्या घरी जातो आणि तो फसवून घेतलेलं चौपट परत द्यायला तयार होतो, ती ही गोष्ट. रविवारी रात्री किंवा सोमवारी ती नुसती वाचायची, दोनदा. पाठाचं पुस्तक तेव्हा उघडायचं नाही, नाहीतर पुस्तकातलीच वाक्यं तोंडात बसतात. मधल्या वारी गोष्टीचे चार टप्पे पाडायचे: यरीहोतली गर्दी, उंबराचं झाड, नावाने मारलेली हाक, घरातलं बोलणं. प्रत्येक टप्प्याला एक चित्र. गुरुवार-शुक्रवारी कृतीचं सामान गोळा करायचं. शनिवारी गोष्ट मोठ्याने सांगून बघायची, घड्याळ लावून. मनात सांगितलेली गोष्ट पाच मिनिटांत संपते, तोंडाने सांगितली की बारा मिनिटं होतात. सात ते दहाच्या वर्गाला आठ-दहा मिनिटं पुरे. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठच करावं. नवे शिक्षक अडखळतात ते सुरू कसं करावं आणि थांबावं कुठे, या दोनच जागी. मधलं आपोआप येतं.

पंचेचाळीस मिनिटांचा वर्ग साधारण असा बसतो: हजेरी आणि प्रार्थनेला पाच, गाण्यांना आठ, गोष्टीला दहा, त्यावर बोलायला पाच, पाठांतराला सात, कृतीला दहा. कृती लांबते, हे गृहीत धरून कापायचं काम घरीच करून न्यावं. पंधरा मुलं आणि तीन कात्र्या असल्या तर वेळ आणि शांतता दोन्ही जातात.

चित्रांसाठी मी अजून फ्लॅनेलचा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा, फळा वापरते. मोबाइलवर चित्र दाखवलं की मुलं मोबाइल बघतात, गोष्ट राहते बाजूला. अडीच फूट बाय तीन फूट पुठ्ठा किंवा प्लायवुड घ्यायचं आणि त्यावर निळं किंवा फिकट हिरवं फ्लॅनेल ताणून मागे चिकटवायचं. चित्रं जाड कागदावर काढून कापायची आणि मागे पॉलिशपेपरच्या बोटभर पट्ट्या लावायच्या, खरखरीत बाजू बाहेर. त्या फ्लॅनेलला धरतात. फळा सरळ उभा केला तर चित्रं घसरतात, म्हणून किंचित मागे झुकवून ठेवायचा. डोक्यावरचा पंखा मात्र बंद करायचा किंवा फळा कोपऱ्यात न्यायचा, नाहीतर जक्कय बोलावण्याआधीच झाडावरून खाली येतो आणि मग मुलांना हसू आवरत नाही. चित्रं क्रमाने उलटी रचून मांडीवर ठेवली की शोधाशोध होत नाही.

आता पाठांतर, जिथे आजच्या शहरी मंडळ्यांत खरी अडचण आहे. बरीचशी मुलं इंग्रजी माध्यमात जातात. मराठी छान बोलतात, पण पवित्र शास्त्र हातात दिलं की बोट ठेवून अक्षरं जुळवत बसतात, आणि शेजारचं पोर हसलं की पुढच्या वेळी वाचायलाच नको म्हणतात. म्हणून अचानक कुणालाही ‘तू वाच’ म्हणू नये. आठवडाभर आधी वचन सांगून ठेवावं, म्हणजे घरी आजी-आजोबांकडून वाचून घेता येतं. वर्गात वचन खडूच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं: ‘मनुष्याचा पुत्र हरवलेले शोधण्यास व तारण्यास आला आहे.’ आधी अर्थ विचारावा, मग सगळ्यांनी तीनदा म्हणावं. मग एक शब्द पुसायचा आणि पुन्हा म्हणायचं, मग दुसरा, असं फळा रिकामा होईपर्यंत. सात मिनिटांत वचन बसतं, आणि सोबत मराठी वाचनही.

आणि वाचायला शिकवण्याचं हे काम संडे स्कूलबाहेरचं मुळीच नाही. १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी रविवारचे वर्ग सुरू केले ते आठवडाभर कामावर राबणाऱ्या मुलांना वाचता यावं म्हणूनच. तिथे शिकवणाऱ्या बायका धर्मपंडित नव्हत्या. त्यांना वाचता येत होतं आणि मुलांना बसवून घेता येत होतं. ‘मला शास्त्र फार येत नाही’ म्हणणाऱ्याला मी हे आवर्जून सांगते.

प्रश्नांची भीती उरतेच. देवाला कुणी निर्माण केलं? जक्कयाने चौपट परत दिलं तर त्याच्याकडे उरलं काय? आणि आपल्या वस्त्यांमधून हमखास येणारा: माझी मैत्रीण चर्चला येत नाही, तर तिचं काय होणार? शेवटच्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये. ते मूल एका माणसाबद्दल विचारतंय, त्या मैत्रिणीच्या घरी सणाला जेवतंय. तिच्या घराबद्दल एकही वावगा शब्द आपल्या तोंडून जाऊ नये. ‘चांगला प्रश्न आहे, पुढच्या रविवारी बोलू’ म्हणावं, वहीत लिहून घ्यावं, पाळकसाहेबांशी बोलावं आणि पुढच्या रविवारी न विसरता उत्तर द्यावं. विसरलात तर मुलं पुन्हा विचारत नाहीत.

शिस्तीबद्दल थोडक्यात: रांगा नकोत, सतरंजीवर अर्धगोल करावा. चुळबुळ करणाऱ्याला आपल्या शेजारी बसवून चित्रं लावायचं काम द्यावं. दर रविवारी चॉकलेट देऊ नये. एकदा सवय लागली की वचन चॉकलेटसाठी पाठ होतं. रंग, चार्टपेपर, फेव्हिकॉलचा खर्च मंडळीकडूनच घ्यावा.

एका बाबतीत मात्र सूट नाही. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. कुठलाही शिक्षक, कितीही जुना आणि विश्वासाचा असो, एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नसावा. लहानांना शौचालयाला नेताना दुसऱ्याला सांगून जावं. एखाद्या मुलाने अंगाला हात लावल्याबद्दल किंवा घरातल्या त्रासाबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐकावं, खोदून चौकशी करू नये आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नये. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबाबतच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, ती दडवणं हाच गुन्हा आहे. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आहे. हा आकडा वर्गाच्या भिंतीवर लावावा. ‘मंडळीतल्या मंडळीत मिटवू’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्यावा.

मार्चमध्ये वर्ष संपलं की पाळकसाहेब पुन्हा विचारायच्या आत आपणच सांगावं: पुढच्या वर्षी आहे किंवा थांबते. थांबणार असाल तर हजेरीची वही पुढच्या माणसाच्या हाती देताना प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहून द्यावी. कुणाला मराठी वाचायला अवघड जातं, कोण मोठ्याने बोललं की घाबरतं, कोणाचा कोणता प्रश्न अजून राहिलाय.