संक्रांतीनंतरचा रविवार

आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचा मेळावा संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी. आदल्या रात्री लालबागच्या गावकीच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं आडवी व्हायची. गिरणीतली, मालधक्क्यावरची, सुट्टीवर आलेला एखादा फौजी, आणि दाराजवळ आम्ही शाळकरी पोरं. पहाटे पाचला तात्या एकेकाची चादर ओढायचे.

तात्या मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पुढं एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे. "आमची जंगी पलटण १७६८ साली ह्याच मुंबईत उभी राहिली. तवा तुमचं मंडळ कुठं हुतं?" हे ते दरवर्षी अध्यक्षांना ऐकवायचे. सत्यनारायण, हळदीकुंकू, गुणगौरव हे सगळं दुपारी, आणि अध्यक्षांचं भाषण तर संध्याकाळपर्यंत. आमच्यासाठी मेळावा म्हणजे शिवाजी पार्कची दौड.

मैदानाभोवतीच्या कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरला जरा कमी. अशा तीन. तिघांच्या रांगा, "दौड के चल", की तात्यांची हाक सुरू.

"कोण पळतंय?"

"मराठा!"

"मागं कोण?"

"कुणीच नाय!"

हाक डावा पाय टेकताना पडायची, उत्तरही डाव्यावरच. त्यामुळं चाळीस जोडी बूट, कॅनव्हासचे बूट आणि दोन-तीन अनवाणी पाय एकदम जमिनीवर पडायचे. फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. आमची छाती उगाच दोन इंच फुगायची, तेरा वर्षांची असली तरी.

एका वर्षी दुसऱ्या फेरीत मला पोटात टोचल्यासारखं दुखायला लागलं. मी जाड होतो आणि आदल्या रात्री तिळाच्या वड्या भरपूर झाल्या होत्या. रांग पंधरा-वीस पावलं पुढं गेली. पुढून आवाज आला, "मागं कोण?" आणि सगळे जोरात ओरडले, "कुणीच नाय!"

"थम!"

तात्या मागं वळले. "खोटं वरडता व्हय रं?"

मला वाटलं आता मला कट्ट्यावर बसवणार. त्याऐवजी त्यांनी सगळी रांगच उलटी केली. मी पहिल्या ओळीत, माझ्याबरोबर मालधक्क्यावरचे दम्याचे काका, आणि सगळ्यात वेगवान पोरं शेवटी. "आता हाक ह्यो देणार. त्याला जेवढा दम, तेवढाच आपला वेग." माझा आवाज त्या वर्षी फुटत होता. पहिली हाक बोकडासारखी निघाली, सगळे हसले, पण उत्तर आलं. दहा-बारा हाकांनंतर पोटात दुखायचं थांबलं, कधी ते कळलंही नाही. ओरडायचं तर श्वास आखून घ्यावाच लागतो. ज्याला उत्तर देता येत नाही तो जास्त वेगानं पळतोय, हे तात्यांचं गणित. मालधक्क्यावरच्या माणसांना ते समजवावं लागलं नाही, गोण उचलताना तेही हाकेवरच उचलत.

शेवटी महाराजांच्या पुतळ्यापाशी थांबून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की", आणि "जय" असा, की झाडावरचे कावळे उठायचे. तात्यांचे डोळे त्या वेळी ओले असायचे. घाम आहे म्हणायचे.

खूप वर्षांनी कुठंतरी वाचलं की अमेरिकेच्या सैन्यात १९४४ साली विली डकवर्थ नावाच्या एका शिपायानं दमून परतणाऱ्या तुकडीला अशाच हाकांवर चालतं केलं, आणि तिथं ती प्रथाच पडली. कौतुकानं तात्यांना सांगितलं. म्हणाले, "चांगलाय गडी. पर वारीत ज्ञानबा-तुकाराम म्हणत पाय कुणाच्या हुकमानं पडत्यात?"

पुढं सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं यायला लागली. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत म्हणजे साठपैकी साठ गुण, त्यामुळं आमच्या वेगाला ती वैतागायची. तात्या म्हणायचे, "भरतीला एकटं पळायचं. भरती झाल्यावर न्हाई."

त्यातलाच एक बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातलं प्रशिक्षण संपवून आला, त्या वर्षी दौड त्यानं घेतली. तात्यांचे गुडघे गेलेले, ते काठी घेऊन कट्ट्यावर बसलेले. पोराचा आवाज खणखणीत, पार्कभर घुमत होता. आम्ही समोरून गेलो तेव्हा मी अभिमानानं तात्यांकडं बघितलं.

"आवाज झ्याक हाय," ते ओरडले, "पर उजव्या पायावर पडतोय!"