वाट बघत बसणाऱ्याशी पोकर

पोकर खेळतो म्हटलं की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "किती घालवलेस?" तो सोडून देऊ. खेळणाऱ्यांकडून मात्र एक वेगळा प्रश्न फार वेळा येतो. "शेवटी टेबलावर आम्ही दोघंच उरतो. समोरचा नुसते पत्ते टाकत बसतो, भारी काही आलं तरच खेळतो. मी वैतागून त्याच्या अंगावर जातो आणि नेमकी तेव्हाच त्याच्याकडे एक्क्यांची जोडी निघते. अशा माणसाचं करायचं काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्याचे ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच सक्तीने लावायच्या चिप्स) मुकाट उचलत राहायचे, आणि तो उठला, म्हणजे त्याने जोर लावला, की आपण बसायचं, पत्ते टाकून द्यायचे. पहिला अर्धा भाग सगळ्यांना लगेच पटतो. माणसं हरतात ती दुसऱ्या अर्ध्यात.

आधी हिशेब. (ऑगस्ट 2025च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं देशभर बंद झालं आहे, तेव्हा हे सगळं घरच्या टेबलावरच्या चिप्सचं समजा.) छोटा ब्लाइंड 100 आणि मोठा 200 आहे असं धरू. नऊ जणांच्या टेबलावर नऊ डावांत एकदा 300 जातात, त्यामुळे तिथे वाट बघणं परवडतं, किंबहुना तिथला तो गुणच आहे. दोघंच असलात की दर दोन डावांना 300 जातात. वीस डाव नुसते टाकले तर 3000 गेले, एकही पत्ता न खेळता. आणि वाट कशाची बघायची? हातातल्या दोन पत्त्यांत कुठलीही जोडी येण्याची शक्यता सतरात एक, एक्क्यांचीच हवी असेल तर 221त एक.

दोघांच्या खेळात डीलरच छोटा ब्लाइंड ठेवतो. फ्लॉपच्या (टेबलावर उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांच्या) आधी तो पहिला बोलतो, फ्लॉपनंतर मात्र शेवटी. ही जागा सोन्याची. तिथून मी अशा माणसाविरुद्ध जवळजवळ कुठल्याही पत्त्यांवर रेझ करतो, म्हणजे रक्कम वाढवून 400 करतो. माझे 100 आधीच मधे असतात, वर 300 घालायचे आणि मधले 300 मिळवायचे. त्याने दहापैकी सहा वेळा टाकले तर 1800 आले. उरलेल्या चार वेळा मी पुढे एक चिपही जिंकलो नाही असं धरलं तरी 1200च गेले. आणि तसं कधी होत नाही, कारण फ्लॉप अजून यायचा असतो.

आमच्या सोसायटीतले एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. पत्ते उचलून चष्म्याजवळ नेतात, मग खाली ठेवून त्यांवर एक चिप ठेवतात. चिप ठेवली की खेळणार. नाही ठेवली तर टाकणारच आहेत, फक्त शिष्टाचार म्हणून थांबलेत. परवा माझ्याकडे गुलाम आणि सत्ती. मी 400 केले, काकांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले. फ्लॉप आला एक्का, अठ्ठी, तिर्री. माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. काकांनी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी माझ्याकडे दिली. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 800. मी 300 लावले. चारातून एकदापेक्षा जरा जास्त वेळा त्यांनी टाकलं तरी हा सौदा बरोबरीत सुटतो. जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर तीनातून दोनदा काहीच लागत नाही, आणि काही लागलं नाही की काका थांबत नाहीत. टाकले त्यांनी. इथे 800 लावायची गरज नव्हती. हा माणूस किंमत बघून ठरवत नाही, स्वतःचे पत्ते बघून ठरवतो, मग स्वस्तात काम होत असताना महागडा ब्लफ कशाला?

थोड्या वेळाने उलट झालं. माझ्याकडे राजा-राणी, फ्लॉप राजा, नव्वी, चव्वी. मी लावले, काकांनी कॉल केला. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, दुर्री. मी पुन्हा लावले आणि काकांनी चिप्सची चळत दोन्ही हातांनी पुढे सरकवली. दोघांच्या खेळात राजांची जोडी आणि वर राणी हा मजबूत हात, कुठलाही शिकवणारा तुम्हाला तो टाकू देणार नाही. समोर काका असतील तर टाकायचा. मी टाकला. काकांनी खुशीत दोन नव्व्या उलट्या करून दाखवल्या, फ्लॉपवरची धरून तीन. अशा खेळाडूंना दाखवायची फार हौस असते. दाखवू द्यावं, ती फुकटची माहिती आहे.

हेच जमत नाही लोकांना. तासभर ज्याला दाबलं त्याने एकदा डोकं वर काढलं की आपल्याला अपमान वाटतो. छोटे छोटे दहा पॉट कमावलेले असतात आणि ते सगळे एका कॉलमध्ये परत जातात.

एक फरक मात्र नीट ओळखा. जपून खेळणारे दोन जातींचे. एक पत्ते टाकतो. दुसरा टाकत नाही, रेझही करत नाही, नुसता कॉल करत रिव्हरपर्यंत, म्हणजे पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत चालत येतो. हाही भित्राच, पण त्याला भीती असते ब्लफमध्ये फसण्याची. त्याच्यापुढे वरचं सगळं उलटं. ब्लफ बंद, आणि मधल्या ताकदीच्या जोडीवरसुद्धा शांतपणे पैसे लावत जायचं. दहा-पंधरा डावांत कुणी सारखे टाकले म्हणून लगेच शिक्काही मारू नका, पत्तेच वाईट येत असतील बिचाऱ्याला.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 साली 'सेफियस' हा प्रोग्राम जाहीर केला. लिमिट पद्धतीचा, म्हणजे लावायची रक्कम ठरलेली असलेला, दोघांचा पोकर त्याने जवळपास सोडवून टाकला. पण सेफियस समोर कोण बसलंय हे बघतच नाही, आपल्या खेळात भोक राहू नये एवढंच तो पाहतो. काकांविरुद्ध तोही जिंकेल, फक्त मिळू शकलं असतं त्यापेक्षा कमी. आपण कुठल्याही पत्त्यांवर रेझ करतो तेव्हा जास्त मिळवतो, आणि आपल्या खेळात तेवढंच भोकही पाडून ठेवतो.

ते भोक काकांना एक दिवस दिसणारच. आपल्या रेझवर त्यांचे लागोपाठ रेझ येऊ लागले, आणि पत्ते उलटे करून दाखवणं बंद झालं, की समजा दिसलं. तेव्हा फालतू पत्ते डीलरच्या जागेवरूनही टाकायला लागा. आणि आधी ज्या रेझपुढे निमूट बसत होता, त्यापुढे एक्का-दश्शी किंवा अठ्ठ्यांची जोडी असेल तर आता बसू नका, कॉल करा.