चुरमुरे खाणारा महाशीर

महाडजवळ काळ नदीत वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठावरून मूठभर चुरमुरे टाकले की पाणी खदखदायला लागतं आणि जाड ओठांचे, चार मिशांचे महाशीर एकमेकांना ढकलत वर येतात. हे देवीचे मासे, यांना कोणी धरत नाही. आणि ते त्यांना पक्कं ठाऊक असावं, असा एकूण त्यांचा रुबाब.

याच माशाला गळाला लावण्यासाठी इंग्रजी अमलातले साहेब आठवडेच्या आठवडे नदीकाठी तंबू ठोकून बसत. गळ लागला की महाशीर हवेत उड्या मारून तमाशा करत नाही. तो सरळ खोल पाण्याकडे, खडकांच्या सांदीकडे धाव घेतो. ती पहिली धावच अशी असते की रिळावरची दोरी सुटत जाते आणि पुढे खडकाला घासून तुटतेही. हौशी मंडळी त्या धावेवर फिदा. मला मात्र त्याच्या खाण्याचं जास्त कौतुक.

त्याच्या जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते घशात, तीन ओळींत! खेकडा असो की गोगलगाय, आत ओढायची आणि घशातच चुरडायची. शिवाय शेवाळ, किडे, छोटे मासे, काठच्या झाडांवरून पडलेली फळं. कावेरीकाठचे गळवाले तर त्याला नाचणीच्या उकडलेल्या गोळ्या लावतात. खाण्यात नखरा नाही. नखरा सगळा पाण्याचा. वाहतं, स्वच्छ पाणी हवं. पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढायचं, तेही वाळू-गोट्यांच्या उथळ जागी. वाटेत धरणाची भिंत आली की संपलं.

आपल्या दख्खनी महाशीरचं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा पाहून. (आजची मुळा-मुठा पाहिल्यावर यावर विश्वास ठेवणं जड जातं, पण तसं आहे खरं.) पुढे लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने याची कृत्रिम पैदास सुरू केली आणि इथली पिल्लं देशभरच्या नद्यांत सोडली गेली. कावेरीतही.

कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होताच. पाठीवर उंचवटा, नारिंगी पर, अंगाने अवाढव्य. 1946 मध्ये कावेरीच्या काबिनी या उपनदीत गळाला लागलेला महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा होता. आज तो कुबडवाला नामशेष होण्याच्या टोकावर आहे. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणं आहेतच. पण बाहेरून आणून सोडलेला आपला महाशीर हेही त्यातलं एक. नाचणीच्या गोळीला पूर्वी जिथे तो नारिंगी परांचा राक्षस लागायचा, तिथे आता बहुधा निळसर परांचा पुणेकर लागतो.